इश्श नावाचे चौदा नवरे

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत कुणाचंही नाव येणार नाही. माझं नाही, गावाचं नाही, सिस्टरचं तर नाहीच. गोष्ट मात्र सगळी नावांचीच आहे. नावांशी एकदा असा खेळ केला होता की चांगलाच अंगाशी आला. तेव्हापासून कुणाचं नाव घ्यायचं म्हटलं की मी आधी पदर सावरते.

दुष्काळाचं साल. मी एकोणीस वर्षांची, नगरात वाढलेली, मॅट्रिक पास, आणि लग्न होऊन शेवगावच्या पुढच्या एका खेड्यात येऊन पडलेली. नवरा तिथल्या शाळेत मास्तर. त्यामुळे गावानं मला दुसऱ्याच दिवशी 'मास्तरीणबाई' करून टाकलं. मी स्वतः कुणाला अ आ ई शिकवलेलं नव्हतं, तरी बिरूद मिळालं. ते मी अर्थातच मिरवलं.

गावाच्या कडेला, लिंबाच्या तीन झाडांखाली, पत्र्याचं छप्पर असलेला मिशनचा दवाखाना होता. तिथं तिघी सिस्टर राहायच्या. एक स्वयंपाक आणि कोंबड्या बघायची, एक लहान मुलांचा वर्ग घ्यायची आणि तिसरी दवाखाना चालवायची. ही तिसरी म्हणजे आमची सिस्टर. केरळातली. वय तिशीच्या पुढचं, रंग काळासावळा, चाल इतकी झपझप की बरोबर चालणाऱ्याला धावावं लागे. अंगावर पांढरी साडी, गळ्यात क्रूस, बोटात एक चपटी अंगठी आणि हातात कायम काळी छत्री.

दोन वर्षं ज्या गावानं धड पाऊस बघितला नव्हता तिथं छत्री! ती उन्हासाठी वापरायची, त्यांच्याकडे तशी पद्धतच. पण आमच्या गावाला छत्री म्हणजे पाऊस एवढंच ठाऊक. गावची सुईण, साठीची, तोंडाळ, जिच्या हातावर निम्मं गाव जन्मलेलं, तिनं एक दिवस सिस्टरला भर रस्त्यात अडवलं.

"शिस्टरबाई, ती छत्री मिटवा आधी."

"का?"

"तिला भिऊन पाऊस येत न्हाई."

सिस्टरनं छत्री मिटवली, काखेत मारली आणि भर उन्हात चालायला लागली. पुढे कितीतरी दिवस ती वाड्यावस्त्यांवर डोकं तापवत हिंडली, पण छत्री उघडली नाही. घरी मात्र ठेवली नाही, रोज बरोबर असायची, मिटलेली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "छत्री मिटला म्हणून पाऊस येत नाही, मला माहीत. पण ती सुईण माझ्यावर रागावला तर बाळंतीण बाया माझ्याकडे येत नाही. ते मोठा दुष्काळ."

हो, ती अशीच बोलायची. तिच्या भाषेत साडीसुद्धा 'तो' होती. मराठीतलं बाईमाणूस, बाप्यामाणूस आणि मधलं काहीतरी हा आपला सगळा तमाशा तिला कधी जमला नाही. "मी येतो", "मी गेला होता", "तू कसा आहेस बाई?" बायांना सुरुवातीला वाटलं, सुया टोचणाऱ्या बाईनं पुरुषासारखंच बोलायचं असेल, डाक्तरकीत तसा नियम असेल. शब्द मात्र तिनं आमच्याच गावात वेचलेले. त्यामुळे पुस्तकी मराठीच्या मध्येच "लई घाई हाय" असा खडा यायचा आणि बाया खूश व्हायच्या.

तिच्या पांढऱ्या साडीचं कोडं बायांना सुटत नव्हतं. कपाळ मोकळं, लुगडं पांढरं, म्हणजे नवरा गेलेला. पण बोटात अंगठी! एकदा दवाखान्याच्या ओट्यावर सुईणीनं सरळ विषयाला हात घातला.

"शिस्टरबाई, अंगठी कुनी घातली?"

सिस्टर हसली. "माझं लगीन झाला. देवाबरोबर. येशूबरोबर."

"म्हंजी नवरा हाय?"

"आहे."

"कुठं असतो?"

"सगळीकडे."

सुईणीनं मान डोलवली आणि बाकीच्यांना समजावून सांगितलं, "फिरतीची नोकरी हाय."

एवढ्या पेटल्या बाया की विचारू नका. "मग घरी कवा येतो?" "पत्र तरी टाकतो का?" सिस्टर ओट्यावर बसून पोट धरून हसली आणि म्हणाली, "रोज सकाळी भेटतो." त्यावर एकीनं सुस्कारा सोडला, "मग आमच्यापरीस बरं की तुमचं." तिचा नवरा ऊसतोडीला कोपरगावाकडे जाऊन चार महिने झाले होते.

आता वहीकडे येते.

दुष्काळात दवाखान्यात लहान मुलांसाठी दूध मिळायचं. वरून पिंपांत पावडर यायची. सिस्टर पहाटे उठून मोठ्या पातेल्यात पाणी उकळायची, पावडर कालवायची आणि सात वाजता रांग लागायची. तिचा एक कडक नियम: दूध घरी न्यायचं नाही. पोरानं तिथंच, तिच्या डोळ्यांदेखत प्यायचं. घरी नेलं की त्याचा चहा होतो आणि तो चहा सासरा पितो, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दूध प्यायलं की मूल झोळीत घालून काट्याला टांगायचं, वजन बघायचं आणि वहीत लिहायचं. मग बाया पोरांना कडेवर मारून रस्त्याच्या कामावर पळायच्या, खडी फोडायला. तिथं आठला हजेरी, उशीर झाला तर मुकादम मस्टरवर नाव घेत नसे.

वहीत रकाने होते. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, वजन. वरचा हुकूम होता की वडिलांचं नाव पाहिजेच, नाहीतर यादी धरणार नाहीत.

मी तिथं जाण्याआधी वही सिस्टर स्वतः लिहायची. देवनागरी तिला येत होती, चित्र काढल्यासारखी एकेक अक्षर काढायची. ती विचारायची, "नवऱ्याचं नाव?" आणि समोरची बाई पदर तोंडाशी नेऊन काय म्हणणार?

"इश्श!"

सिस्टरनं लिहिलं, इश्श. दुसरीला विचारलं, तीही म्हणाली इश्श. सिस्टरनं पुन्हा लिहिलं. असे चौदा. तिला काही वावगं वाटलं नाही. मला पुढे म्हणाली, "आमच्या गावात पण एकाच नावाचा लई लोक असतो. मला वाटलं, तुमच्याकडे हा नाव फार चालतो."

नवऱ्याचं नाव बायकोनं उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही गोष्ट त्या बिचारीला कोण सांगणार? चौदाव्या इश्शनंतर तिला संशय आला आणि मग कुणीतरी सुचवलं की मास्तरीणबाई शिकलेल्या आहेत, त्यांना लिहायला बसवा.

मी ऐटीत गेले. सिस्टरनं खुर्ची दिली, वही दिली आणि सरावासाठी म्हणून आधी मलाच विचारलं, "तुझा नवऱ्याचं नाव?"

मॅट्रिक पास, नगरची मुलगी, काय बोलले असेन?

"मास्तर," मी पुटपुटले.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हळूहळू मला खुर्चीची सवय झाली आणि कंटाळाही यायला लागला. मी नवी, कुणाचे नवरे कोण मला काय ठाऊक. मी विचारायची आणि बाया कोडी घालायच्या. म्हणायच्या, "शंकराच्या गळ्यात असतो न्हाई का, ते." "दशरथाचा थोरला." "म्हाळसेचा दादला." "सकाळी उगवतो, सांजेला बुडतो, ते." साधं काम होतं: कोडं सोडवायचं आणि खरं नाव लिहायचं. निम्मी तर मला तिथल्या तिथं सुटत होती. पण मला ती कोडीच इतकी आवडली की मी तीच्या तीच लिहायला लागले. वडिलांचं नाव: शंकराच्या गळ्यातला. वडिलांचं नाव: म्हाळसेचा दादला. एका ठसकेबाज बाईनं वैतागून सांगितलं होतं, "दिवसा झोपतो तो." मी वळणदार अक्षरात लिहिलं, दिवसा झोपतो तो.

संध्याकाळी घरी मास्तरांना मी हे सगळं वाचून, नव्हे, करून दाखवायची. पदर, आवाज, मुरका, सगळं. ते म्हणायचे, "अगं, हे बरं नव्हे," आणि डोळे पुसत म्हणायचे, "तो उगवणारा-बुडणारा पुन्हा एकदा कर."

त्या वहीत एकच रकाना मी कोरा सोडला होता. रांगेत सगळ्यात शेवटी, लिंबाला टेकून, एक बाई उभी राहायची. माझ्याच वयाची. तिचा नवरा त्याच उन्हाळ्यात विहीर खोल करताना दरड कोसळून गेला होता. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, डोळे मोठे आणि हातपाय काटक्या. काट्याला टांगली की काटा जेमतेम हलायचा. सिस्टर रोज रांगेच्या शेवटापर्यंत चालत जायची, ती मुलगी उचलून आणायची आणि पहिलं दूध तिला पाजायची. वाटीत चमचा बुडवून, थेंबथेंब, अर्धा अर्धा तास. मागच्या बाया कुरकुरायच्या तर म्हणायची, "तुमचा पोरगा ओरडतो, म्हणजे जिवंत हाय. हा ओरडत नाही." त्या बाईला मी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. इश्शही नाही, कोडंही नाही. मग मीही पेन उचललं आणि पुढची ओळ धरली.

आणि एका सकाळी जीप आली.

तपासणीचे साहेब. पावडर जिथून यायची तिथून आलेले. उन्हानं रापलेले, घामानं डबडबलेले, दुष्काळाच्या कामानं महिनोनमहिने फिरून वैतागलेले. माणूस वाईट नव्हता, हे आता कळतं. ठिकठिकाणी खोट्या याद्या करून पावडर हॉटेलांना विकल्याचे प्रकार त्यांनी पकडले होते, म्हणून डोळ्यांत संशय घेऊनच जीपमधून उतरले. साठ बायांची रांग लागलेली होती. त्यांनी खुर्चीवर बसून वही उघडली.

आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"वडिलांचं नाव, इश्श." पान उलटलं. "इश्श. इश्श. इश्श." चष्मा काढला. "सिस्टर, या गावात इश्श नावाचे चौदा लोक आहेत?"

सिस्टर म्हणाली, "ते माझा चुकी. मला भाषा कळत नव्हता."

"बरं. आणि हे? शंकराच्या गळ्यातला?" त्यांचा आवाज चढत चालला. "म्हाळसेचा दादला? दिवसा झोपतो तो?" रांगेतून फिसकन हसू फुटलं आणि तिथल्या तिथं दाबलं गेलं. "हे अक्षर तुमचं नाही. हे कुणी लिहिलं?"

मी औषधाच्या कपाटाआड उभी होते. एवढी बडबडी मी, नाटकं करणारी. तोंड उघडलं, आवाजच फुटेना.

सिस्टर म्हणाली, "अक्षर कुणाचा पण असेल. वही माझा."

बस्स, एवढंच. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

साहेबांनी वही मिटली. "ही यादी बोगस आहे. बापांची नावं नाहीत म्हणजे मुलंही आहेत की नाहीत, देव जाणे. पिंपं जीपमध्ये घाला. खरी यादी झाली की शेवगावला येऊन पावडर घेऊन जा."

"किती दिवस?"

"वरून मंजुरी येईपर्यंत. महिना धरा."

महिना! सिस्टरनं रांगेच्या टोकाला पाहिलं, लिंबाकडे. मी पण पाहिलं. त्या काटकीसारख्या पोरीला महिना नव्हता. आठवडासुद्धा होता की नाही, कुणास ठाऊक. हे सिस्टरला माहीत होतं, मला माहीत होतं आणि लिंबाला टेकलेल्या त्या बाईला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. तिनं मुलीला नुसतं घट्ट धरलं.

"साहेब," सिस्टर म्हणाली, "आया इथंच हाय. पोरं इथंच हाय. तुम्ही आता विचारा, आता लिहा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मान हलवली. "ठीक आहे. प्रत्येकीनं स्वतः, माझ्यासमोर, नवऱ्याचं नाव सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालणार नाही. चला, पहिली कोण?"

रांगेतले सगळे पदर एकदम कपाळावर आले. एकही तोंड उघडेना. परक्या पुरुषासमोर, दिवसाढवळ्या, धन्याचं नाव! सुईण आपल्या नातवाला घेऊन रांगेत होती. सून कामावर गेलेली. तिनं सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला.

"सायेब, नाव सांगितलं की धन्याचं आयुष्य तुटतं. दूध द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आमी न्हाई सांगनार."

"मग मी काय करू?" साहेब उठलेच. ड्रायव्हरनं पिंपाला हात घातला.

आणि कपाटाआडून, देव जाणे कसा, माझा आवाज निघाला.

"साहेब, त्या नाव सांगणार नाहीत. पण घेतील."

"म्हणजे?"

"उखाण्यात, साहेब. नाव सांगायचं नसतं, नाव घ्यायचं असतं. उखाण्यात घेतलं तर चालतं."

साहेबांच्याही घरी बायको असणारच. चेहऱ्यावर काहीतरी हललं. "साठ उखाणे?" ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले, "आणि वहीत ते सगळं मी लिहिलं. माझा चावटपणा. सिस्टरचा काही दोष नाही."

"मग पहिली तूच," साहेब खुर्चीत बसत म्हणाले.

लग्नानंतर मी एकदाही नाव घेतलेलं नव्हतं. घरातल्या बायांनी चिमटे काढले तरी नाही. आता साठ बाया, एक साहेब, एक ड्रायव्हर आणि तीन सिस्टर. कोंबड्यांची सिस्टरसुद्धा हात पुसत बाहेर आलेली. मी गळा साफ केला.

"फळ्यावर खडूनं काढला गोल,
…रावांचं नाव घेते, साहेबांना कळू दे मोल."

(नाव इथं लिहिणार नाही, सांगितलंय ना.) साहेबांनी पुरं नाव टिपून घेतलं. आणि मग सुईण पुढे झाली. ती मागं कशी राहील?

"आडात न्हाई पानी, पोहऱ्यात कुठनं यावं,
…रावांचं नाव घेते, सायबानं लिवून घ्यावं."

"आजी, मला मुलाच्या बापाचं नाव पाहिजे," साहेब म्हणाले.

"ते पोराचं नाव हाय, ते तर मी कसंबी घेते. पन आधी धन्याचं झालं पायजे. मान त्यांचा पयला," सुईण म्हणाली आणि मग मुलाचंही नाव सांगून ऐटीत बाजूला झाली.

बांध फुटला. एकीनं घेतलं की दुसरीला चेव.

"खडी फोडून फोडून हाताला आले फोड,
…रावांचं नाव घेते, दूध करा ग्वाड."

"मस्टरवर अंगठा, अंगठ्याला शाई,
…रावांचं नाव घेते, मला लई घाई."

'दिवसा झोपतो तो' ह्याची मालकीण आली तेव्हा सगळी रांग आधीच हसायला लागली. तिनं कमरेवर हात ठेवला.

"कोंबडा आरवला तरी उठंना माझा धनी,
…रावांचं नाव घेते, तोंडावर मारा पानी."

साहेबांचा ड्रायव्हर पिंपावर बसून "वा! वा!" करायला लागला. साहेब खाली मान घालून लिहीत होते, पण खांदे हलत होते. मध्येच कुणाचा उखाणा अडला तर तेच पुढची ओळ सुचवू लागले. चौदाही इश्श एकेक करून माणसं झाले. आठ कधीच वाजून गेले होते. त्या दिवशीची हजेरी बुडाली आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही.

शेवटी रांग संपली आणि लिंबाला टेकलेली ती एकटी उरली.

हसू थांबलं. सुईण खालच्या आवाजात म्हणाली, "तिला न्हाई घेता यायचं, सायेब. तिचा मालक गेला."

ज्या बाईचं कुंकू पुसलं गेलं तिनं उखाणा घ्यायचा नसतो. हळदीकुंकवाला बसायचं नसतं, चारचौघींत नाव घ्यायचं नसतं. रांगेतल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. साहेबांनाही. ते वरमले. पेन थांबलं. खरंच भल्या मनानं म्हणाले, "राहू दे बाई. तुला नको बोलायला. रकान्यात मयत लिहितो, चालेल."

"मयत?" ती म्हणाली.

त्या बाईचा आवाज मी प्रथमच ऐकला.

"मयत हे नाव न्हाई त्यांचं."

साहेब पेन धरून तसेच. ती पुढे येईना आणि मागेही जाईना. तिला ते नाव त्या वहीत पाहिजे होतं, एवढं दिसत होतं. पण तोंडातून काढायचं कसं? साठ सवाष्णी बघत होत्या.

तेव्हा सिस्टर पुढे झाली. काखेतली छत्री तिनं टेबलावर ठेवली आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मोकळ्या कपाळाच्या दोघी, शेजारी शेजारी. अंगठीचा हात तिनं पोटाशी धरला, अगदी नव्या नवरीसारखा.

"साहेब, माझा राहिला," ती म्हणाली. "मी पण घेतो."

आणि घेतलं. तासभर साठ उखाणे ऐकून चाल तिनं अचूक पकडली होती.

"पांढरा साडी, पांढरा दूध, काळा माझा छत्री,
येशूरावांचा नाव घेतो, देतो तुमाला खात्री."

साडी चुकली, दूध चुकलं, छत्री चुकली. 'घेते' चुकलं. प्रत्येक नवऱ्याला 'राव' लागतो हे मात्र तिनं बरोबर टिपलं होतं. आणि एकही बाई हसली नाही. मीसुद्धा. बाकी आयुष्यात मी मर्तिकाच्या घरीही हसलेली आहे, म्हणून सांगते.

सुईणीनं टाळी वाजवली. एकच. "घेतलं गं बया," ती म्हणाली. "पांढऱ्या लुगड्यात घेतलं." मग लिंबाकडे वळून, तिच्या नेहमीच्या खरखरीत आवाजात, "आता तू घे पोरी. काय हुतंय ते बघू."

तिनं उखाणा घेतला नाही. ओळ जुळवली नाही, रावही लावलं नाही. मुलीला छातीशी धरून तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. सरळ. त्याचं, त्याच्या बापाचं, मग आडनाव. साध्या आवाजात, जसं शाळेत हजेरीला सांगतात तसं. साहेब लिहायला लागले, पण सिस्टरनं हात पुढे करून वही घेतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तू लिही," ती म्हणाली. "तो तुझा कोरा जागा हाय."

म्हणजे तिला माहीत होतं. रोज संध्याकाळी ती वही तपासायची. शंकराच्या गळ्यातला, म्हाळसेचा दादला, सगळं वाचलं होतं तिनं, आणि कळलंही होतं. हसली पण असेल, काय सांगावं. पुढे एकदा मी विचारलं, मला अडवलं का नाही? म्हणाली, "मला वाटला, तू स्वतः थांबशील." यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

मी ते नाव लिहिलं. आयुष्यात इतकं सावकाश अक्षर मी पुन्हा काढलेलं नाही.

साहेबांनी खाली सही ठोकली. पिंपं जागेवर राहिली. जाताना ड्रायव्हरला म्हणाले, "शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत म्हणे. इथं नवऱ्यांना नावं नाहीत." आणि जीपमध्ये चढल्यावर, कुणी ऐकत नाही असं समजून, "मस्टरवर अंगठा, अंगठ्याला शाई" म्हणून बघितलं. मी ऐकलं.

त्या दुपारी वही नव्यानं उतरवताना मला पुन्हा खाज सुटली. खोड जाते का? सगळ्यात वर, दूधकेंद्र चालवणारीच्या नावासमोर, मी हळूच एक रकाना वाढवला. पतीचे नाव: येशूराव. सिस्टरनं संध्याकाळी वही हातात घेतली. मी कपाटाआड जाण्याच्या तयारीत. तिनं वाचलं, अंगठी फिरवली.

"'राव' लिहायचा असतो ना?"

"लिहायचंच असतं."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि पातेलं घासायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवा नियम काढला. मूल दुधाला येईल तेव्हा त्याचं नाव बापाच्या नावासकट मोठ्यानं पुकारायचं. आईनं नाव घ्यायचं नसतं, पण मी वाचायला कुणाची हरकत? मी वाचायची आणि बाया पदराआड लाजत, हसत पुढे यायच्या. त्या पहिल्याच सकाळी सिस्टर आधीच रांगेच्या शेवटाला जाऊन मुलगी घेऊन आली होती. दूध पाजून झालं होतं, पोरगी झोळीत टांगलेली होती आणि काटा होता तिथंच होता, पण खाली गेला नव्हता. पोरीनं झोळीतून एक पाय बाहेर काढला आणि अचानक टाहो फोडला.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकला?" ती म्हणाली.

मी वही उघडली. मुलीचं नाव वाचलं, बापाचं वाचलं, आजोबांचं, आडनाव. तिची आई झोळीपाशी उभी होती. तिनं मान वर केली.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

मागं रांग खोळंबली होती, रस्त्यावर मुकादमाची शिट्टी वाजत होती. मी पुन्हा वाचलं.